सर राजाभाऊंचा अंगठा

अबुधाबी
शुक्रवार, ८ मार्च १९९६

सर मुरलीधर सबनीस, मुक्काम कोल्हापूर, यांस
राजाभाऊ वाळिंबे याचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

एक आनंदाची बातमी कळवतो. मला गाउट झाला.

हसू नकोस, किंवा हस, पण आधी अभिनंदन कर. मंगळवारी सकाळी उठलो तर डाव्या पायाचा अंगठा लालबुंद, सुजलेला. खालच्या फार्मसीतल्या मल्याळी पोरानं विचारलं की साहेब मटण फार खाता का, आणि गोळ्या दिल्या. पण निदान मी त्याच्या आधीच घरी केलं होतं. दप्तरदार सरांचा तास आठवतोय ना? लायब्ररीतलं ते तपकिरी, जाडजूड पुस्तक, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज गृहस्थांची खाजगी पत्रं. आपल्याला वाटलं होतं, एवढी मोठी माणसं, राजकारण, लढाया, तत्त्वज्ञान असं काही लिहीत असतील. आणि निघालं काय, तर पाय, पोट, दात, जळवा लावल्या त्याचं वर्णन, बहिणीचं बाळंतपण आणि पुतण्याचे उद्योग. अर्ध्या लोकांचा अंगठा सुजलेला. पायावर चादरीचं वजन सोसत नाही म्हणून एक जण रात्रभर खुर्चीत बसून भावाला पत्र लिहितो, ते तू मोठ्यानं वाचलंस आणि वर्ग फुटला.

त्याच संध्याकाळी रंकाळ्यावर संध्यामठासमोर बसून आपण एकमेकांना ‘सर’ ही पदवी बहाल केली आणि शपथ घेतली, की पन्नाशी उलटली की आपणही एकमेकांना फक्त दुखण्यांविषयी लिहायचं. मला त्रेपन्न झाली. जरा उशीरच झाला म्हणायचा.

हेमाचं मत वेगळं आहे. तिच्या मते नव्या बुटानं नखुरडं झालंय. एकशेवीस दिरहॅमचा बूट, म्हणजे आपले अकराशेच्या वर रुपये, आणि त्यानं नखुरडं होतं? शिवाय नखुरडं हा काय उमरावांना शोभणारा आजार आहे? तिनं साखर तपासायचा लकडा लावलाय. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी थोडी वर आहे म्हणालं होतं. या वयात ती कुणाची खाली असते?

शुभ्रा अकरावीत आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही वाटतं की आपण समोरच्याचं ऐकलं. संध्याकाळी मी कॉर्निशवर, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरतो. समुद्र मोठा आहे, पण गोल फिरून जिथून निघालो तिथंच परत येता येत नाही. ती मजा रंकाळ्याचीच.

आपला नियम पाळशीलच: ज्याचं पत्र त्यानंच वाचायचं, घरच्यांना फक्त नमस्कार पोचवायचा. प्रमिलावहिनींना तो सांग.

लोभ आहे तो वाढावा, यूरिक अ‍ॅसिड वाढू नये.

तुझा,
सर राजाभाऊ


कोल्हापूर
रविवार, ३१ मार्च १९९६

सर राजाभाऊ, अबुधाबीचे उमराव, यांच्या डाव्या अंगठ्यास
मुरलीधराचा साष्टांग दंडवत, आणि उरलेल्या राजाभाऊंस नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. मनापासून जळलो. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं मी, आणि इंग्रज आजार झाला तुला, सिमेंट मोजणाऱ्याला! माझ्याकडे पाहशील तर एक पित्त आणि एक सायटिका, दोन्ही अगदी देशी, तालुक्याच्या पातळीवरची. शाळेत दहावीच्या पेपरांचे गठ्ठे आलेत. एका पोरानं ‘माझा आवडता मित्र’ या निबंधात मित्राच्या म्हशीवर दोन पानं लिहिली आहेत. मी त्याला चांगले मार्क दिले.

तुझं पत्र वाचताना एवढा हसलो की प्रमिला स्वयंपाकघरातून बाहेर आली. नियमाप्रमाणे पत्र तिला दिलं नाही, फक्त सांगितलं की राजाचा पाय सुजलाय. तिनं विचारलं, मग त्यात हसण्यासारखं काय आहे. या बाईला साहित्याची जाण नाही.

आता उपचार. ते गृहस्थ बाथ नावाच्या गावी गरम झऱ्यात पाय बुडवून बसायचे, आठवतं? तुझ्या वाळवंटात झरा कुठला, तेव्हा बादली घे. कडक पाणी, दोन मुठी खडे मीठ, आणि सोसवेल तितकं गरम घेऊन रोज रात्री पाय शेक. इथले वैद्य म्हणाले, वातावर शेकासारखं काही नाही. मी त्यांना गाउट असंच सांगितलं, कारण नखुरडं म्हणालो असतो तर त्यांनी दारात उभं केलं नसतं.

मी रोज संध्याकाळी रंकाळ्याची फेरी मारतो. तुझी जागा डावीकडे, पाण्याच्या बाजूला, ती मोकळी सोडूनच चालतो. पंचवीसएक वर्षं झाली, सवय जात नाही. मध्ये एखादा सायकलवाला त्या जागेत घुसतो तेव्हा राग येतो. तू साठीला परत येणार आणि आपण पूर्ण फेरी मारणार हे ठरलेलं आहे, तेव्हा पाय जपून ठेव. गाउट घेऊन आलास तरी चालेल, पण चालत ये.

हेमावहिनींस नमस्कार, शुभ्राला आशीर्वाद, तिच्या भाषेत ‘ब्लेसिंग्ज’.

माया पातळ होऊ न देणारा,
सर मुरलीधर


अबुधाबी
शुक्रवार, १४ जून १९९६

सर मुरलीधर, राजवैद्य, यांस
बादलीत पाय घातलेल्या राजाभाऊचा नमस्कार. वि. वि.

तुझा शेक लागू पडला. आधी पाणी कोमट असलं तरी पाय काढून घ्यायचो, आता कितीही कडक चालतं. परवा हेमानं पाणी पाहायला बोट घातलं आणि ओरडलीच. मी आत आरामात पाय सोडून पेपर वाचत होतो. बायकांना वाटतं सोशिकपणाचा मक्ता त्यांचाच. थोडी कातडी निघाली टाचेपाशी, पण सूज उतरली आणि ठणका तर गेलाच. त्या गृहस्थांनी बाथला जाऊन एवढे पैसे घालवले, त्यांना तू भेटायला हवा होतास.

दर तीन वर्षांनी होतं ते व्हिसाचं मेडिकल आटोपलं. रक्त काढलं, छातीचा एक्सरे काढला, ठप्पा मारला. आमचा मंदूब हारुन, म्हणजे कंपनीची सरकारी कामं पाहणारा माणूस, रांगेत माझ्यापुढे पळत म्हणाला, यल्ला वाळिंबेसाब, खलास, अजून तीन साल जवान. पाय कुणी पाहिला नाही आणि मी दाखवला नाही.

कारण सांगतो, तुलाच. माझं कंत्राट आता दर वर्षाचं आहे. मागच्या वर्षी आमच्या अकाउंट्समधल्या एकाची बायपास झाली, आणि कंपनीनं त्याला फुलं पाठवली आणि पाठोपाठ नोटीस. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की सगळं घर गेलं. शुभ्राची बारावी मार्चमध्ये. मधेच तिला उचलून कुठल्या शाळेत घालू? तेव्हा कंपनीच्या डॉक्टरच्या फायलीत मी ठणठणीत आहे, आणि तुझ्या पत्रात उमराव. हे दोन्ही असंच राहू दे.

इथं आता चालायचं तर रात्री नऊनंतर. हवा अशी की चष्म्यावर वाफ धरते. परवा कॉर्निशच्या कठड्यावर बसलो आणि उगाच आठवलं, की होस्टेलच्या मेसमध्ये दर बुधवारी पांढरा रस्सा असायचा आणि तू तुझा वाटा मला द्यायचास, कारण तुला म्हणे तिखटच हवं. इतक्या वर्षांनी शंका येते की तुला पांढराही आवडायचा.

प्रमिलावहिनींना नमस्कार. लोभ कडक पाण्यासारखा ठेव, सोसतो मला.

सर राजाभाऊ


अबुधाबी
शुक्रवार, १८ ऑक्टोबर १९९६

सर मुरलीधर यांस
सर राजाभाऊचा नमस्कार आणि दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. इथं पोस्टमन घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पत्रं साठत राहतात आणि हारुनला आठवण झाली की तो उघडतो. त्यामुळे तुझ्या जुलैतल्या पित्ताची काळजी मी ऑक्टोबरात केली. ते बरं झालं असेल असं धरून चालतो.

आता एक गंमत ऐक. गेल्या आठवड्यात बुधवारी साइटवर दिवसभर हिंडलो, मजले चढलो-उतरलो. संध्याकाळी घरी बूट काढला तर आत खजुराची बी! सकाळी निघताना खजूर खाल्ला होता, ती बी कशी कोण जाणे बुटात पडली आणि सबंध दिवस मी तिच्यावर चाललो. पत्ताच नाही. म्हणजे बघ, अंगठ्यानं मार्चमध्ये किती छळलं, आणि आता कसा शहाण्या मुलासारखा गप्प बसलाय. गाउट बरा झाला याला याहून मोठा पुरावा काय हवा?

बीनं खाली जरा घासलं होतं, मोजा ओला झाला. आठवडा झाला, मोज्याला डाग पडतोच आहे, पण हेमाला दाखवला नाही. आजकाल मोजे मीच धुतो. तिला वाटतं नवरा सुधारला. तूही बोलू नकोस.

शुभ्राचा अभ्यास जोरात आहे. तिनं घरी ई-मेल घ्यायचा हट्ट धरलाय. काकांना पत्र एका सेकंदात जाईल म्हणते. मी म्हटलं, एका सेकंदात पोचणाऱ्या पत्रात मजकूर काय लिहायचा? निघाल्यापासून पोचेपर्यंत थोडं मुरायला नको?

यंदा पावसाळ्यात रंकाळा भरून वाहिला का? मी डोळे मिटून फेरी मारतो कधी कधी. संध्यामठापर्यंत नीट जातो, पुढे शालिनी पॅलेसपाशी झाडं कुठली होती ते आठवत नाही आणि तिथंच थांबावं लागतं. पुढच्या पत्रात झाडं लिही.

फराळाला मला धर. लोभ चकलीसारखा गोल असावा, त्याला टोक सापडू नये.

सर राजाभाऊ


कोल्हापूर
बुधवार, ६ नोव्हेंबर १९९६

राजा,

आज ‘सर’ नाही. ती पदवी मी तात्पुरती काढून घेतो आहे.

तुझं पत्र काल आलं. खजुराच्या बीचा मजकूर मला इतका आवडला की नियम विसरून तेवढा प्रमिलाला मोठ्यानं वाचून दाखवला. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की आपल्या चपलेत ज्वारीचा दाणा गेला तर आपण दोन पावलं टाकू शकतो का. मी तिला पुन्हा म्हणणार होतो की तुला साहित्याची जाण नाही.

तेवढ्यात मला चादर आठवली. ज्याला चादरीचं वजन सोसत नव्हतं तो माणूस. गाउट हा ओरडणारा आजार आहे, राजा. तुझा पाय ओरडत नाही. तो कढत पाण्यात गप्प बसतो, कातडी निघाली तरी गप्प बसतो, दिवसभर बी टोचली तरी गप्प. तो शहाणा झालेला नाही, त्याला काही कळेनासं झालंय. आणि वर जखम वाहते आहे आणि तू मोजे धुतो आहेस. काल संध्याकाळीच मी डॉक्टरांकडे जाऊन आलो, तुझं नाव न सांगता सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न साखरेचा विचारला. दुसरा विचारला नाही, उठून उभे राहिले आणि म्हणाले, त्या माणसाला उद्या नाही, आज दवाखान्यात न्या.

तिथूनच एसटीडी बूथवर जाऊन तुला फोन केला. तू काय केलंस? थंडी पडली का विचारलंस, क्रिकेटचं विचारलंस. मी पायाचं काढलं तर ऑल फाइन, खलास, म्हणून मोकळा झालास. शेजारी कंपनीतला माणूस बसला होता की काय कोण जाणे. फोनवर तुला खरं बोलता येत नाही, आणि पत्रात तू थट्टेशिवाय लिहीत नाहीस. या थट्टेत माझा अर्धा वाटा आहे. गरम पाणी मी सांगितलं. सोसवेल तितकं, हे शब्दही माझेच. ज्याला काहीच जाणवत नाही त्याला काय नाही सोसवणार? रात्रभर झोप लागली नाही मला.

म्हणून आता जे करतो आहे ते ऐक, आणि हवं तर पुन्हा तोंड पाहू नकोस. आमच्या गल्लीतला भिकाजी तिकडे एसीचं काम करतो. त्याची सुट्टी संपली, दिवाळी तोंडावर असताना बिचारा उद्या निघतोय. हे पत्र त्याच्याबरोबर देतो आहे, पाकीट न चिकटवता. आणि त्याला बजावलंय की ते तुझ्या नव्हे, हेमावहिनींच्या हातात द्यायचं. सोबत तुझी मागची पत्रंही आहेत, कढत पाण्याचं आणि बीचं. होस्टेलपासून पाळलेला आपला नियम मी मोडला.

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल. त्यांचा मोजा आत्ता काढा.

राजा, नोकरीची भीती मला कळते. शुभ्राचं वर्षही कळतं. पण तिला बारावीच्या पेपराला सोडायला बापानं स्वतःच्या पायांनी जावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि मला माझ्या डावीकडे तू हवा आहेस.

लोभ वगैरे नंतर बघू. आधी पाय दाखव.

मुरल्या


अबुधाबी
शुक्रवार, २९ नोव्हेंबर १९९६

ती. मुरलीधरभावोजींस
हेमाचा कृतज्ञ नमस्कार. वि. वि.

भिकाजी पाकीट घेऊन आले ते विमानतळावरून थेट आमच्याच दारात, पाठीवर बॅग तशीच. मी उभ्यानंच वाचलं. हे सोफ्यावर टीव्ही पाहत होते. मी समोर बसले आणि मोजा ओढला. फार चिडले. अंगठ्याखाली जे दिसलं ते लिहीत नाही. वास मला आठवडाभर येत होता, मी समजत होते की बुटांचा आहे.

मी हारुनभाईंना फोन केला. कंपनीला कळेल म्हणून हे नको नको म्हणत होते, पण मला दुसरं कुणी सुचेना. ते गाडी घेऊन आले आणि यांना जवळजवळ उचलूनच नेलं, वाटेत हबीबी हबीबी म्हणत लहान मुलासारखं समजावत होते. साखर इतकी होती की डॉक्टरांनी पुन्हा तपासली. पायाची जाणीव मधुमेहानं गेलेली, वर शेकानं भाजलेलं, त्यात बीनं झालेली जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत पाय काढावा लागला असता. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला.

भावोजी, तो तुमच्या पत्रामुळे वाचला. पण यांना ते पटत नाही. तुमचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. म्हणतात, त्यानं माझी पत्रं उघडी पाठवली. मी म्हटलं, नसती पाठवली तर? दिवाळी आमची हॉस्पिटलमध्येच झाली. झुबेदाबाई म्हणून शेजारच्या पेशंटची बायको होती, तिनं घरून शेवया आणल्या. यांना खाता आल्या नाहीत, मीच खाल्ल्या आणि तिच्याजवळ बसून रडले.

प्रमिलावहिनींना सांगा, त्या ज्वारीच्या दाण्याबद्दल मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे. तुमच्या मित्राच्या वाटचा लोभही सध्या माझ्याकडूनच घ्या.

आपली,
हेमा

ता. क. मुरलीकाका, धिस इज शुभ्रा. आईला माहीत नाही मी लिहितेय. बाबा इज व्हेरी अँग्री, बट प्लीज डोंट स्टॉप रायटिंग. एव्हरी इव्हनिंग ही आस्क्स हारुन अंकल की पोस्ट बॉक्स उघडला का.


अबुधाबी
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९९७

मुरल्यास
राजाचा नमस्कार. वि. वि.

तुझी चार पत्रं समोर आहेत. एकाचंही उत्तर दिलं नाही. रागच तसा होता. आजारी माणसाला लाज फार असते, आणि तू माझी लाज उघड्या पाकिटात घालून विमानानं पाठवलीस. हेमा ती पत्रं वाचत होती तेव्हा मला वाटलं, अंगावरचे कपडे काढून चौकात उभा केलाय. ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही, खोटं कशाला लिहू?

पण काल एक झालं. ड्रेसिंगला गेलो होतो. डॉक्टर जुने रिपोर्ट चाळत होते, मी सहज विचारलं की यूरिक अ‍ॅसिड किती आहे. ते म्हणाले, नॉर्मल आहे, का? मी विचारलं, मार्चमध्ये जास्त असेल का? त्यांनी माझी हकीकत ऐकली आणि म्हणाले, ते बहुधा नव्या बुटानं झालेलं साधं इन्फेक्शन होतं. मुरल्या, नखुरडं! हेमाचं निदान बरोबर. मी एका दिवसासाठीसुद्धा उमराव नव्हतो. मला त्या टेबलावर इतकं हसू आलं की नर्स घाबरली, आणि मग हसता हसता रडू आलं, आणि मग तुझी आठवण आली. हे ज्याला सांगावं असा जगात एकच माणूस आहे आणि त्याच्याशी मी बोलत नव्हतो.

कंपनीचं ऐक. ईदच्या सुट्टीनंतर मॅनेजरनं बोलावलं. माणूस वाईट नाही, नजर खाली ठेवून बोलला. कंत्राट जूनमध्ये संपतंय, पुढे वाढवणार नाहीत. म्हणजे ज्या भीतीपोटी पाय लपवला ती गोष्ट व्हायची तशी झालीच, आणि शुभ्राची परीक्षा तर त्याआधी मार्चमध्येच होतेय. बोटं फुकट गेली. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज तितकंच लागतं.

तर आम्ही येतोय. साठीला नाही, आत्ताच. रंकाळ्याजवळ तळमजल्यावर जागा बघ. चालतो मी, काठी घेऊन, बुटात कापसाचा अंगठा भरून. घरातल्या घरात होतं. पूर्ण फेरी होईल असं वाटत नाही. खरं सांगतो, त्याचीच भीती वाटते. इतकी वर्षं डोळे मिटून जी मारली ती उघड्या डोळ्यांनी अर्ध्यावर सोडावी लागली तर मला ते जड जाईल. तुलाही माझ्यासाठी थांबत थांबत चालावं लागेल, आणि तू तर पहिल्यापासून भरभर चालणारा.

आता शिक्षा. नियम तू मोडलास, तेव्हा तो मोडलेलाच राहील. यापुढे तुझं प्रत्येक पत्र प्रमिलावहिनींनी वाचायचं आणि खाली सही करायची. तुझ्या आजारांच्या बाबतीत माझा तुझ्यावर विश्वास नाही, जसा तू माझ्यावर ठेवला नाहीस.

आणि माझी पदवी परत कर. अंगठा गेला म्हणून काय झालं?

राग थोडा उरलाय, लोभ सगळा.

राजा


कोल्हापूर
रविवार, १६ मार्च १९९७

सर राजाभाऊ यांस (पदवी सन्मानपूर्वक परत)
मुरलीधराचा बसल्या जागेवरून नमस्कार. वि. वि.

बसल्या जागेवरून का, ते शेवटी सांगतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होतो. प्रमिलानं ते पाकीट घेऊन रिक्षानं शाळेत आणून दिलं, तास चालू असताना. मी वर्गाकडे पाठ करून वाचलं. पोरांना वाटलं सरांच्या घरी काही वाईट झालं. एका पोरीनं पाण्याची बाटली पुढे केली. मी त्यांना सांगितलं की माझा मित्र परत येतोय, आणि उरलेला तास सोडून दिला.

जागा पाहिली आहे. तळमजला, दारात पायरी एकच, तीही भिकाजीचा भाऊ फोडून उतार करून देणार आहे. खिडकीतून पाणी दिसत नाही, पण संध्याकाळी पाण्याचा वास येतो. हेमावहिनींना स्वयंपाकघर लहान वाटेल, आधीच सांगून ठेव.

मग फेरीचं. तुझी भीती वाचली आणि त्याच संध्याकाळी निघालो, मुद्दाम हळू, काठी असलेल्या माणसासारखा. कुठं कठडा बसण्याजोगा आहे, कुठं फरशी उखडली आहे, कुठल्या भेळवाल्याकडे खुर्ची आहे, सगळं पाहत गेलो. संध्यामठापर्यंत तुला सहज जमेल. पुढे शालिनी पॅलेसपाशी तुला न आठवणारी झाडं नारळाची आहेत, आणि त्यांच्यापुढे एक कठडा आहे, दोन माणसांना पुरेल असा. तिथं टेकलो. आणि उठताना उजव्या पायाच्या अंगठ्यात अशी कळ आली की ब्रह्मांड आठवलं. रिक्षा करून घरी आलो.

राजा, रिपोर्ट आलाय. यूरिक अ‍ॅसिड भरपूर. साखर नाही, तीही तपासली. अस्सल, इंग्रजी, छापील गाउट! रात्री प्रमिलानं पायावर चादर टाकली आणि मी असा ओरडलो की शेजारी दार वाजवायला आले. त्या गृहस्थांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं रे. रात्रभर खुर्चीत बसलो आणि तुझ्याशिवाय कुणाला लिहावं तेच कळेना.

तेव्हा घाई नको. तुझा डावा अधू, माझा उजवा. दोघे मिळून बरोबर एक माणूस होतो, आणि भरभर चालणारा आता कुणीच उरला नाही. मी अर्ध्यावरून परतलो, ती उरलेली अर्धी फेरी तशीच ठेवली आहे. तू येईपर्यंत मी ती मारत नाही.

शुभ्राला पेपरासाठी शुभेच्छा. तिला परीक्षेला सोडायला तूच जा, चालत.

लोभ पायातून चढत चढत डोक्यापर्यंत गेला आहे, उतारा फक्त तुझ्याकडे.

सर मुरलीधर

वाचलं, सगळं खरं आहे. पाय सुजलाय, ओरडणंही झालं. यांनी एक लिहायचं टाळलं, ते मी लिहिते. भिकाजीच्या हाती ते उघडं पाकीट दिल्या दिवसापासून तुमचं पत्र येईपर्यंत हे एकदाही रंकाळ्यावर गेले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, डावीकडे कुणी येणार नसेल तर जागा सोडून कशाला चालू? लवकर या, भावोजी.
प्रमिला